कर्णबत्तीच्या तीन बैठका

कौमुदी पोंक्षेसमोर कुणी "आमच्या ओळखीतल्या एकांना फार गुण आला हो" असं म्हणालं, की तिची भुवई आपोआप वर जायची. "एकांना म्हणजे किती जणांना?" ती विचारायची. "आणि ज्यांना नाही आला, त्यांची चौकशी केलीत का?" लखनौच्या मराठी मंडळात हे दोन प्रश्न सगळ्यांना पाठ होते. तिच्या धाकानं मंडळातल्या काही बायकांनी घरगुती उपायांसाठी तिला वगळून वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. कौमुदीला तो ठाऊक होता आणि त्याचा तिला अभिमानच वाटायचा.

ती मूळची सांगलीची. पंचविसाव्या वर्षी लखनौच्या एका संशोधन संस्थेत तंत्रसहायक म्हणून लागली आणि एकतीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाली. काम एकच, आलेल्या औषधांच्या नमुन्यांच्या चाचण्या लावायच्या. जडीबुटीवाले, वैद्य, कंपन्या, मोठे मोठे शास्त्रज्ञ, सगळ्यांचे नमुने तिच्या टेबलावर यायचे आणि बहुतेकांची तिथं फजिती व्हायची. प्रत्येक चाचणीबरोबर ती एक कोरी नळी लावायची. बाकी सगळं तेच, फक्त औषध नाही. कोऱ्या नळीचाही रंग बदलला, तर तो रंग औषधामुळे नाही हे उघड व्हायचं. शिवाय प्रत्येक गोष्ट तीनदा करायची, त्याखेरीज तिनं सही केली नाही. एका संचालकांना तिनं भर बैठकीत विचारलं होतं, "सर, कोरी लगाई थी?" त्यांनी लावली नव्हती. त्यानंतर तिची बढती चार वर्षं अडली, पण तो प्रसंग ती आजही रंगवून सांगते.

असं माणूस घरात असलं की त्याचं ऐकून घ्यायला दुसरं माणूस लागतं. ते म्हणजे तिचा नवरा, राजाराम. वीस वर्षं हवाई दलात विमानांच्या देखभालीवर, नंतर बायकोची नोकरी इथली म्हणून लखनौतच बँकेत. मुलगी बंगळुरूला. अलीगंजच्या त्या दोन मजली घरात रोज संध्याकाळी कौमुदी जगाची सालं काढायची आणि राजाराम योग्य जागी "हं" म्हणायचा. ते "हं" पोकळ नसायचं. चार दिवसांनी तो एखादा तपशील विचारायचा आणि कळायचं की यानं शब्द न् शब्द ऐकलाय.

यंदाच्या ज्येष्ठातला पहिला मंगळवार. हनुमानाचा बडा मंगल म्हणून अलीगंजभर मांडव पडलेले, नाक्यानाक्यावर पुरी-सब्जीचे भंडारे, आणि मांडव तितके भोंगे. राजाराम सकाळी गॅलरीत उभा राहून मान इकडे तिकडे फिरवत होता.

"काय झालं?" कौमुदीनं विचारलं.

"डाव्या कानाला दडा बसलाय. भोंगा नुसता उजव्या बाजूनं येतोय. आणि आत काहीतरी गुणगुणतंय."

"मळ असेल. गेल्या वर्षी नव्हता का झाला? तेल घाला दोन दिवस."

गेल्या वर्षी उजव्या कानात खरोखरच मळ झाला होता, कंपाउंडरनं पिचकारी मारून काढला होता. त्यामुळे दोघांनीही यावर आणखी विचार केला नाही. राजाराम त्या दिवशी जिना उतरताना जरा कलंडला, ते उन्हामुळे असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी देविका सरनोबत आली. देविका मंडळाची चिटणीस, निवृत्त कर्नलसाहेबांची बायको, स्वभावानं गोड आणि कुठल्याही नव्या उपचारावर विश्वास ठेवायला एका पायावर तयार. राजारामचा कान बसलाय म्हटल्यावर तिला आनंदच झाला.

"अहो भाऊजी, मग विक्रमजींकडे जा ना! इथंच कपूरथला चौकात, मोबाइलच्या दुकानाच्या वर बसतात ते. कर्णबत्ती लावतात. मेणाची पोकळ बत्ती कानात ठेवतात, वरून पेटवतात, आणि आग आतला सगळा मळ वर ओढून घेते. नंतर बत्ती कापून दाखवतात, कौमुदीताई! माझ्या कानातून इतका निघाला, इतका, की मला लाज वाटली."

"बत्ती कापून दाखवतात," कौमुदी सावकाश म्हणाली. तिच्या डोळ्यांत चमक आली. निवृत्तीनंतर सात वर्षांत तिच्या टेबलावर असा नमुना आला नव्हता. राजारामनं बायकोकडे पाहिलं आणि ओळखलं की आता आपल्याला बत्ती लागणार.

गुरुवारी दोघं गेली. विक्रमजी पस्तिशीचे, पांढरा कुर्ता, कपाळावर गंध, आणि बोलणं असं मिठ्ठास की ऐकणाऱ्याला साखर व्हावी. आधी ते घरोघर पाण्याची यंत्रं विकत, मग चुंबकाच्या गाद्या विकल्या, आता कान. भिंतीवर चौकटीत सात दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र. कोपऱ्यात कापूर जळत होता आणि मोबाइलवर बासरी चालू होती. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी बासरी लावणारा हा इसम कौमुदीला पहिल्या नजरेत इतका आवडला की तिनं मनातल्या मनात त्याची फाइल उघडली.

"तशरीफ़ रखिए, अंकल जी. तीन बैठक लगेंगी. हर गुरुवार. पहली में ऊपर का मैल, दूसरी में बीच का, तीसरी में जड़ का."

"जड़ कहाँ होती है?" कौमुदीनं विचारलं.

"जी, अंदर."

"और मैल ऊपर कैसे चढ़ता है?"

"मैडम, अग्नि खींचती है. अग्नि का स्वभाव है."

"अच्छा? मेरे यहाँ तो गैस पर दूध रखो तो दूध भागता है. आग की तरफ़ एक बूँद नहीं जाती."

विक्रमजी हसले. असल्या गिऱ्हाइकांचा त्यांना सराव असावा. त्यांनी राजारामला उजव्या कुशीवर झोपवलं, गालावर भोक पाडलेली कागदी थाळी ठेवली, तिच्यातून डाव्या कानात वीतभर लांब मेणकापडाची नळी बसवली आणि टोक पेटवलं. राजारामच्या डोक्यावर ज्योत जळत होती आणि तो शहाण्या मुलासारखा पडून होता. दहा मिनिटांनी विक्रमजींनी उरलेलं बुडखं काढलं, ब्लेडनं उभं चिरलं आणि आतला पिवळट-तपकिरी चिकट लगदा काडीनं उचलून दाखवला.

"देखिए. बीस साल का मैल."

"वाह," कौमुदी म्हणाली. "यह हम घर ले जाएँ? और एक डिब्बा बत्ती भी दे दीजिए."

विक्रमजी विरघळले. बुडखं त्यांनी स्वतः कागदात बांधून दिलं.

त्या दुपारी कौमुदी पोंक्षेला दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं. तिनं लोणच्याची रिकामी बरणी धुऊन पुसून कोरडी केली, झाकणाला भोक पाडून त्यात तशीच बत्ती बसवली आणि पेटवली. दहा मिनिटं घड्याळ लावून. मग बुडखं चिरलं. आत तोच लगदा, तोच रंग, तोच वास. मेण आणि जळकं कापड, दुसरं काय असणार! दोन्ही बुडखी तिनं सोनाराच्या छोट्या काट्यावर तोलली, पिशव्यांत भरली आणि लेबलं लावली, 'कान १' आणि 'बरणी १'. बरणीचं बुडखं तर थोडं जड भरलं.

"अहो, ऐकलंत का? बरणीत तुमच्यापेक्षा जास्त मळ आहे!"

"काय?" राजाराम म्हणाला. तो डावीकडे वळला, मग उजवीकडे. "परत म्हण."

रविवारी त्यानं स्वतःहून विषय काढला. गुणगुण वाढली होती. फोन डाव्या कानाला लावला तर काहीच येत नव्हतं, पलीकडे कुणी आहे की नाही तेही कळत नव्हतं. "मी म्हणतो, एकदा कानाच्या डॉक्टरला दाखवू या का?"

आणि इथं एकतीस वर्षांच्या सवयीनं तोंड उघडलं.

"आत्ता नको. आत्ता डॉक्टरनं मळ काढला आणि तुम्हाला ऐकू आलं, तर तो विक्रम म्हणेल माझ्याच बत्तीनं आलं. त्याला पळवाट मिळेल. मध्ये दुसरं काही औषध घालायचं नाही, नाहीतर प्रयोगाला अर्थ काय? तीन गुरुवार होऊ देत. मग मी स्वतः घेऊन जाते तुम्हाला, पिचकारीनं दोन मिनिटांत निघेल."

राजाराम "हं" म्हणाला. बायकोच्या प्रयोगात त्यानं कधी लुडबुड केली नव्हती आणि मळ काय, दोन आठवड्यांनी काढला तरी मळच. तेलही तिनं त्या दिवसापासून बंद केलं.

दुसरा गुरुवार झाला. विक्रमजींनी मधला मळ काढला आणि कौमुदीनं घरी बरणीतून मधला मळ काढला. राजारामला बाथरूममध्ये चक्कर आली, भिंत धरून उभा राहिला. "पडद्याला मळ टेकला की चक्कर येते," कौमुदीनं सांगितलं. हे ती कुठंतरी ऐकून होती. कुठं, ते तिनं स्वतःला विचारलं नाही. मध्ये देविकाचा फोन आला, भाऊजींना फरक आहे ना म्हणून. "अगं, काय सांगू," कौमुदी म्हणाली, "रविवारी मंडळात सगळ्यांसमोरच सांगते." देविकानं कार्यक्रमपत्रिकेत लगेच तसं लिहिलं, 'सौ. पोंक्षे यांचा कर्णबत्तीविषयी अनुभव'.

तिसऱ्या गुरुवारी मुळाचा मळ निघाला.

रविवारी मंडळाची आमरस-पुरी होती. मलिहाबादहून दशहरीच्या पेट्या आल्या होत्या आणि नेहमीप्रमाणे निम्मी मंडळी हापूसची आठवण काढत दशहरीचा रस तिसऱ्यांदा वाढून घेत होती. जेवणाआधी कौमुदी उठली. तिनं टेबलावर स्टीलचं ताट ठेवलं, त्यात सहा चिरलेली बुडखी मांडली, लेबलं काढून. मग देविकाला पुढं बोलावलं.

"देविका, तू यातली जाणकार. तुझ्या भाऊजींच्या कानातून सर्वांत जास्त मळ कुठल्या बत्तीत आलाय, ओळख पाहू."

देविकानं चष्मा लावला, सहाही निरखून पाहिली आणि एकावर बोट ठेवलं. "ही! बघा हो, केवढा! केवढं साचलं होतं भाऊजींना!"

"ही लोणच्याची बरणी आहे," कौमुदी म्हणाली. "बरणीला काही फरक पडला का, ते मी विचारलं नाही."

हॉलमध्ये हशा फुटला. कर्नलसाहेब मांडी थोपटून हसले. देविका लाल झाली, मग बिचारी स्वतःही हसली. कौमुदीनं वजनं वाचून दाखवली. मेणाचं मेणच होतं, कापडाचं कापडच होतं, आणि कानाचा या सगळ्याशी इतकाच संबंध की तो बत्ती धरायला स्टँड म्हणून बरा पडतो. विक्रमजींची तिनं सालटी काढली. "या माणसानं शोधलंय काय, तर मेणबत्ती जळली की मेण उरतं! आणि आपण पदव्या घेतलेली, पेन्शन खाणारी माणसं रांग लावून तिथं डोक्यावर आग ठेवून झोपतो. त्याचा दोष नाही, तो पोट भरतो. दोष आपल्या डोक्याचा आहे. पाहिल्याशिवाय मानायचं नाही, इतकं सोपं आहे हो!" कुणीतरी व्हिडिओ काढत होतं. टाळ्या वाजल्या. एकतीस वर्षांत संस्थेनं तिला इतक्या टाळ्या कधी दिल्या नव्हत्या.

पंगतीत तिच्याशेजारी चित्रा बसली होती. मंडळाच्या एका जुन्या सभासदांची नात, मेडिकल कॉलेजात इंटर्न. घरात मराठी ऐकून वाढलेली, पण बोलायची हिंदीतच.

"आंटी, आपने एकदम मस्त किया. पर अंकल को अब सुनाई दे रहा है न?"

"अगं कसं देईल? मळ आहे तसाच आहे. उद्या नेते डॉक्टरकडे, काढून टाकतील."

"मतलब तीन हफ़्ते से सुनाई नहीं दे रहा?" चित्राचा पुरीचा घास हातातच राहिला. "धीरे-धीरे हुआ या एकदम?"

"एकदम. मंगळवारी सकाळी उठले तेव्हापासून."

"चक्कर? आवाज़?"

"आहे थोडं."

"आंटी, मैल है, यह किसने देखा?"

कौमुदीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. हा प्रश्न तिनं आयुष्यभर लोकांना विचारला होता, त्यामुळे त्याचं उत्तर काय असतं आणि लोक ते देताना कसे दिसतात, हे तिला चांगलं माहीत होतं. समोरच्या पंगतीत राजाराम मान तिरकी करून कर्नलसाहेबांचं बोलणं ऐकायची धडपड करत होता. तिनं ताट सारलं.

सोमवारी सकाळी दवाखाना उघडण्याआधी दोघं पायरीवर उभी होती. डॉक्टरांनी कानात दिवा घालून पाहिलं. एवढंच. दहा सेकंद लागली असतील.

"कान तो बिल्कुल साफ़ है. मैल का नामोनिशान नहीं."

मग त्यांनी कान तपासायचा धातूचा चिमटा वाजवून कपाळावर टेकवला, काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली, आणि कागद पुढं ठेवला. उजव्या कानाची रेघ वर होती. डाव्या कानाची तळाशी.

"नस बैठ गई है. ऐसा अचानक होता है कभी-कभी, वजह भी हर बार पता नहीं चलती. पर यह इमरजेंसी होती है. पहले कुछ दिनों में स्टेरॉयड शुरू कर दें तो काफ़ी लोगों का लौट आता है. दो हफ़्ते निकल जाएँ तो..." त्यांनी वाक्य अर्धं ठेवलं. "आज इक्कीसवाँ दिन है. इतने दिन आप लोग कर क्या रहे थे?"

कौमुदीच्या पिशवीत पहिल्या दिवसापासूनच्या नोंदींची वही होती. तारीख, वेळ, वजन. तिनं पिशवीचा बंद घट्ट धरला.

"हम लोग मैल समझते रहे, डॉक्टर साहब," राजारामच म्हणाला. 'हम लोग' म्हणाला.

गोळ्या सुरू झाल्या. आठवड्याला एक याप्रमाणे कानाच्या पडद्यातून तीन इंजेक्शनं झाली. दरम्यान मंडळातला व्हिडिओ लखनौभर फिरला, विक्रमजींकडची गर्दी ओसरली आणि त्यांनी कानाचा बोर्ड उतरवून बेंबीत तेल घालण्याचा लावला. देविकानं फोन करून हे सांगितलं. "जिंकलात हो कौमुदीताई. आता बेंबीचंही एकदा बघा ना." कौमुदीनं फोन ठेवला. तो माणूस भोंदूच होता, बत्ती थोतांडच होती, तिच्या वहीतला एकही आकडा चुकला नव्हता. रात्री उशीला डोकं टेकलं की हे सगळं ती मनाशी पुन्हा तपासून पाहायची आणि सगळं बरोबर यायचं, आणि तिला स्वतःची शिसारी यायची. इतकं तुच्छ ती विक्रमजींनाही लेखत नव्हती. तो अडाणी होता. ही शिकलेली. राजाराम सहाव्या दिवशी म्हणाला होता डॉक्टरला दाखवू या, आणि हिनं नवऱ्याच्या कानाची बरणी करून ठेवली होती.

शेवटची तपासणी जुलैत झाली. पावसानं रस्ते तुंबले होते, रिक्षा अर्ध्यातून परत गेली, दोघं दवाखान्यापर्यंत पायी गेली. नवा कागद जुन्या कागदावर ठेवला तर डावी रेघ तिथंच. डॉक्टर म्हणाले, आता यापुढं काही करण्यासारखं नाही. उजवा कान सांभाळा.

बाहेर बाकावर दोघं फाइल घेऊन बसली. आजूबाजूला दहा-बारा माणसं होती, कुणी कुणाला पत्ता विचारत होतं, कुणी मुलाला खोकल्याचं औषध पाजत होतं. राजाराम समोरच्या भिंतीवरचं कानाचं रंगीत चित्र लक्ष देऊन पाहत होता. डॉक्टरला दाखवू या म्हटल्याचा तो रविवार त्यानं आजवर एकदाही काढला नव्हता. कौमुदीला वाटायचं, यानं एकदा तरी काढावा.

तिनं घसा साफ केला. आयुष्यात हे वाक्य तिनं कुणापुढं म्हटलं नव्हतं, संचालकापुढं नाही, सासूपुढं नाही, मुलीपुढं नाही. ती खाली मान घालून हळू आवाजात म्हणाली, "अहो, चूक झाली माझी. तुम्ही म्हणत होतात तेव्हाच जायला हवं होतं."

राजाराम भिंतीकडेच पाहत राहिला.

तिला वाटलं, रागावलाय. मग लक्षात आलं की आपण त्याच्या डावीकडे बसलोय.

ती उठली. त्याच्या पायांवरून पिशवी सावरत पलीकडे गेली, खोकणाऱ्या मुलाच्या आईला जरा सरकायला लावलं आणि उजव्या बाजूला बसली. राजारामनं मान वळवून विचारलं, "काय गं?"

आणि आता त्या गलक्यात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तिला ते पुन्हा म्हणावं लागलं.